डेस्कटॉप ॲपचा डेटा कुठे ठेवायचा? पहिल्या रिलीजआधी ठरवायच्या गोष्टी

पहिले डेस्कटॉप ॲप लिहिताना डेटा बहुतेक वेळा प्रोग्रॅमच्या शेजारीच पडतो. सेटिंगची फाइल, डेटाबेस, लॉग, सगळे एकाच फोल्डरात. आपल्या मशीनवर हे बिनबोभाट चालते, कारण तो फोल्डर आपलाच असतो आणि तिथे लिहायला कोणी अडवत नाही. ॲप दुसऱ्याच्या मशीनवर इन्स्टॉल झाले की तक्रारी येऊ लागतात. सेटिंग सेव्ह होत नाही. अपडेट केले आणि सगळे कोरे झाले. एकाच मशीनवर दोघांची खाती आहेत, तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो.

कोडमधली चूक नव्या व्हर्जनमध्ये दुरुस्त करून मोकळे होता येते. डेटाची जागा चुकली तर तसे होत नाही. तोवर जुन्या जागी लोकांचे काम साठलेले असते, आणि त्याला धक्का न लावता ते हलवावे लागते. म्हणून हा निर्णय पहिल्या रिलीजआधीच घ्या. क्रम मात्र सांभाळा: आधी डेटाचे प्रकार, मग फोल्डर. बहुतेक जण उलटे करतात. एक फोल्डर शोधतात आणि सगळे त्यात ओततात.

पुढे फोल्डरांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंग येईल.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- ज्या ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ॲप चालणार, तिचे एक मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन
- त्या मशीनवर एक साधे खाते, ॲडमिनचे अधिकार नसलेले
- शक्य असल्यास आणखी एक खाते, ज्याच्या नावात स्पेस आणि इंग्रजीबाहेरची अक्षरे आहेत
- तुमच्या भाषेतल्या किंवा फ्रेमवर्कमधल्या फोल्डर शोधणाऱ्या लायब्ररीची माहिती
- ॲपचे कायमचे ओळखनाव, म्हणजे सिस्टिमला ॲप ज्या न बदलणाऱ्या नावाने कळते ते
- ॲप डिस्कवर काय काय लिहिते याची यादी. ती पहिल्याच पायरीत करायची आहे

## १. आधी यादी, जागा नंतर

ॲप लिहीत असलेली प्रत्येक फाइल कागदावर मांडा आणि तिच्याबद्दल तीन प्रश्न विचारा. ही फाइल कोणाची, युजरची की ॲपची? ती आत्ता उडाली तर काय बुडेल? युजरने उद्या नवे मशीन घेतले तर ती सोबत जायला हवी का? उत्तरे लिहून काढली की पुढे बरेचसे आपोआप सुटते. साधारण हे प्रकार निघतात:

युजरचे दस्तऐवज. त्याने स्वतः बनवलेले, स्वतः नाव दिलेले काम: चित्र, पत्र, प्रोजेक्ट. याची जागा युजर ठरवतो, तुम्ही नाही. सेव्ह करायची खिडकी उघडा आणि सुरुवातीला डॉक्युमेंट्स फोल्डर सुचवा, बस.

ॲपचा स्वतःचा डेटा. नोंदींचा डेटाबेस, युजरने जमवलेल्या टेम्प्लेट, जोडलेले प्लगइन. युजर या फाइली थेट उघडत नाही, पण त्या गेल्या तर त्याचे काम गेले. सर्वांत जास्त काळजी याच प्रकाराची घ्यायची.

सेटिंग. थीम, भाषा, शॉर्टकट. गेले तर चिडचिड होईल, नुकसान होणार नाही.

स्थिती. खिडकी कुठे होती, शेवटी कोणत्या फाइली उघडल्या होत्या, शोधाचा इतिहास. सेटिंगमध्ये हे मिसळण्याचा मोह होतो, तो टाळा. सेटिंग माणूस विचारपूर्वक बदलतो. स्थिती दर मिनिटाला बदलते आणि त्या मशीनच्या स्क्रीनशी बांधलेली असते. दोन्ही एका फाइलीत असतील तर सेटिंग दुसऱ्या मशीनवर नेणाऱ्याच्या ॲपची खिडकी तिथे नसलेल्या मॉनिटरवर उघडते.

कॅशे. पुन्हा डाउनलोड करता येईल किंवा पुन्हा तयार करता येईल असे सगळे. कसोटी एकच: ॲप बंद असताना हा फोल्डर पूर्ण उडवला, तरी ॲप फक्त थोडे हळू सुरू व्हायला हवे. काही हरवत असेल तर तो कॅशे नाही, वरच्या प्रकारांपैकी काहीतरी आहे.

लॉग आणि तात्पुरत्या फाइली. लॉगला आकाराची मर्यादा घाला आणि जुने लॉग आपोआप काढून टाका. तात्पुरत्या फाइली सिस्टिमच्या टेम्प फोल्डरात, एक अपवाद सोडून. तो नवव्या पायरीत येईल.

गुपिते. पासवर्ड आणि लॉगिनचे टोकन यांतल्या कुठल्याच फोल्डरात ठेवू नका. विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, मॅकवर कीचेन, लिनक्सवर सीक्रेट सर्व्हिस; नोम कीरिंग आणि केवॉलेट याच सोयीमागे काम करतात. साध्या सेटिंग फाइलीत टोकन ठेवले, तर मदतीसाठी ती फाइल कुणाला पाठवणारा युजर नकळत आपल्या खात्याची किल्लीच देऊन बसतो.

ॲपसोबत येणारा डेटा. शब्दकोश, आयकॉन, नमुने. हे इन्स्टॉल फोल्डरातच राहू द्या, फक्त वाचण्यासाठी. युजरला त्यात बदल करायचा असेल तर त्याच्या फोल्डरात प्रत काढा आणि वाचताना आधी ती प्रत शोधा.

## २. इन्स्टॉल फोल्डरात लिहू नका

हा नियम तिन्ही सिस्टिमना लागू आहे. कारणे मात्र वेगळी आहेत.

विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या खात्याला लिहिता येत नाही. त्यातला गोंधळात टाकणारा भाग असा: व्हिस्टापासून विंडोज जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमना सांभाळून घेते. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या माहितीत, अधिकारांची पातळी न सांगणारा असा प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला, तर त्याला नकार मिळत नाही. त्याची फाइल गुपचूप युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात जाते. प्रोग्रॅमला वाटते आपण प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहिले, आणि युजर तिथे पाहतो तर फाइल नाही किंवा जुनी आहे. तोच कोड ६४ बिटसाठी बिल्ड केला की ही सवलत जाते आणि परवानगी नाकारल्याची एरर येते. ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या प्रकारच्या तक्रारीत आधी हे तपासा.

मॅकवर ॲप म्हणजे डिजिटल सही केलेला बंडल, एका फाइलीसारखा दिसणारा फोल्डर, असतो. त्याच्या आत काही लिहिले की सही मोडते. शिवाय २०१६ च्या सिएरापासून, इंटरनेटवरून उतरवलेले ॲप युजरने ॲप्लिकेशन्समध्ये न हलवता डाउनलोड्समधूनच चालवले, तर सिस्टिम ते एका रँडम नावाच्या, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवू शकते. शेजारची फाइल शोधणारा कोड तिथे हमखास अडखळतो.

लिनक्सवर यूएसआर या सिस्टिम फोल्डराखालचे सगळे पॅकेज मॅनेजरच्या मालकीचे असते, आणि ॲपइमेज (एकाच फाइलीत येणारे ॲप) तर फक्त वाचता येणारी डिस्क म्हणूनच माउंट होते.

आणखी एक सापळा सापडायला वेळ लागतो, तो ‘चालू फोल्डर’चा. नुसते फाइलीचे नाव देऊन ती उघडली, तर ती प्रोग्रॅमच्या शेजारी नव्हे, प्रोग्रॅम जिथून सुरू झाला त्या फोल्डरात शोधली जाते. टर्मिनलमधून, शॉर्टकटवरून आणि फाइलीवर डबल क्लिक करून सुरू केल्यास तीन वेगळ्या जागा निघू शकतात. डेटा फाइलीचा पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, नेहमी पूर्ण असू द्या.

## ३. विंडोज: रोमिंग की लोकल?

युजरच्या खात्याच्या फोल्डरात ॲपडेटा नावाचा लपवलेला फोल्डर असतो. त्यात रोमिंग, लोकल आणि लोकललो असे तीन भाग आहेत. लोकललो कमी अधिकारांत चालणाऱ्या प्रोसेससाठी आहे. साध्या ॲपला तो लागत नाही. प्रश्न उरतो पहिल्या दोघांचा.

रोमिंग हे नाव पाहून वाटते की यातले सगळे युजरच्या प्रत्येक मशीनवर आपोआप जाते. तसे नाही. संस्थेच्या नेटवर्कवर रोमिंग प्रोफाइल लावले असेल तरच हा फोल्डर सर्व्हरवरून आणला आणि परत नेला जातो, तोही लॉगिन आणि लॉगआउटच्या वेळी. घरच्या मशीनवर तो इतर फोल्डरांसारखाच एक फोल्डर आहे. पण जिथे रोमिंग खरोखर चालू आहे, तिथे तुमचा भलामोठा कॅशे रोज नेटवर्कवरून ये-जा करतो आणि युजरचे लॉगिन रखडते.

माझा सल्ला सरळ आहे. छोट्या, मशीनशी न बांधलेल्या सेटिंग रोमिंगमध्ये; डेटाबेस, कॅशे, लॉग, खिडकीची स्थिती हे सगळे लोकलमध्ये. संभ्रम असेल तेव्हा लोकल निवडा.

सेटिंग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगच्या साठ्यात, ठेवणे चूक नाही; युजरच्या भागात छोट्या किमती (व्हॅल्यू) ठेवता येतात. तरी मी फाइलच निवडतो. फाइलीची प्रत काढता येते, दोन फाइलींतला फरक पाहता येतो, आणि तोच कोड लिनक्सवरही चालतो.

मशीनवरच्या सगळ्या खात्यांना मिळून एकच डेटा हवा असेल तर प्रोग्रॅमडेटा फोल्डर आहे. इथल्या परवानग्या नीट समजून घ्या. साधे खाते इथे नवी फाइल बनवू शकते, इतर खाती ती वाचू शकतात, पण त्यांना ती बदलता येत नाही. पहिल्या माणसाने ॲप उघडले, डेटाबेस तयार झाला, आणि दुसऱ्याला तो फक्त वाचता येतो, अशी अवस्था होते. खरोखर सामायिक लेखन हवे असेल तर इन्स्टॉलरनेच तिथे तुमचा उपफोल्डर बनवून योग्य परवानग्या द्यायला हव्यात. त्यातही सर्वांना लिहिता येणाऱ्या जागेत प्लगइन किंवा चालवला जाणारा कोड कधीही ठेवू नका. एका खात्याने दुसऱ्याच्या नावावर काहीही चालवण्याची वाट तिथून उघडते.

इन्स्टॉलरच्या बाबतीत एक खबरदारी. साध्या खात्याने इन्स्टॉल करताना ॲडमिनचा पासवर्ड दिला, तर इन्स्टॉलर ॲडमिनच्या नावाने चालू शकतो. त्याने ‘युजरच्या’ फोल्डरात ठेवलेल्या फाइली मग ॲडमिनच्या ॲपडेटात जातात. युजरच्या फाइली इन्स्टॉलरने बनवूच नयेत. ॲपने पहिल्यांदा सुरू होताना त्या बनवाव्यात.

## ४. मॅक: लायब्ररीच्या आतली रचना

मॅकवर युजरच्या होम फोल्डरातला लायब्ररी फोल्डर वापरायचा. २०११ च्या लायनपासून तो फाइंडरमध्ये लपवलेला असतो, त्यामुळे नवख्या लोकांच्या नजरेला तो पडत नाही. आत वाटणी ठरलेली आहे: ॲपचा डेटा ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये, कॅशे कॅशेसमध्ये, लॉग लॉग्जमध्ये. सेटिंग प्रेफरन्सेसमध्ये राहतात, पण तिथली फाइल हाताने लिहू नका. सिस्टिमच्या युजर डिफॉल्ट्सच्या सोयीतूनच वाचा आणि लिहा, कारण त्या किमती एक वेगळी सेवा मेमरीत धरून ठेवते आणि तुम्ही परस्पर केलेला बदल पुसला जाऊ शकतो.

कॅशेसमध्ये ठेवलेली गोष्ट डिस्क भरत आली की सिस्टिम उडवू शकते. पहिल्या पायरीतली कसोटी इथे प्रत्यक्षात लागते.

ॲप मॅक ॲप स्टोअरमधून द्यायचे असेल तर सँडबॉक्स, म्हणजे ॲपला आखून दिलेल्या हद्दीत ठेवणारी व्यवस्था, सक्तीचा आहे. मग ॲपचे सगळे लायब्ररी फोल्डर कंटेनर्समध्ये, तुमच्या बंडल ओळखनावाच्या फोल्डरात जातात. सिस्टिमला विचारून पाथ घेत असाल तर कोड बदलावा लागत नाही. होमच्या पुढे स्वतः अक्षरे जोडत असाल तर सगळे बदलावे लागते. सँडबॉक्स नसतानाही २०१९ च्या कॅटलिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांत ॲपने परस्पर हात घातला की युजरसमोर परवानगीचा प्रश्न येतो. ॲप सुरू होताच असा प्रश्न आला तर माणूस घाबरून नाही म्हणतो. ॲपचा अंतर्गत डेटा डॉक्युमेंट्समध्ये न ठेवण्याचे हेही एक कारण.

## ५. लिनक्स: एक्सडीजीचे पाच फोल्डर

पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम होम फोल्डरात टिंबाने सुरू होणारी स्वतःची फाइल टाकत असे. आजही अशा फाइलींनी भरलेले होम फोल्डर दिसतात. यावर फ्रीडेस्कटॉप या लिनक्स डेस्कटॉपचे संकेत ठरवणाऱ्या प्रकल्पाचा एक्सडीजी बेस डिरेक्टरी हा संकेत आहे आणि नव्या ॲपने तोच पाळावा. त्यात प्रत्येक प्रकाराच्या फोल्डराचा पाथ एका ठरलेल्या नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे सिस्टिम प्रोग्रॅमला देते त्या किमतीतून, घ्यायचा असतो.

- सेटिंग: एक्सडीजी कॉन्फिग होम, किंमत दिलेली नसेल तर होममधला डॉट-कॉन्फिग
- डेटा: एक्सडीजी डेटा होम, नसेल तर डॉट-लोकल/शेअर
- स्थिती, इतिहास, लॉग: एक्सडीजी स्टेट होम, नसेल तर डॉट-लोकल/स्टेट
- कॅशे: एक्सडीजी कॅशे होम, नसेल तर डॉट-कॅशे
- सॉकेट, लॉक अशा चालू सत्रापुरत्या गोष्टी: एक्सडीजी रनटाइम डिर

स्थितीचा फोल्डर संकेतात उशिरा, २०२१ मध्ये आला, त्यामुळे जुन्या लायब्ररींत तो सापडेलच असे नाही. रनटाइम फोल्डर लॉगआउटनंतर पुसला जातो. तिथे टिकाऊ काही ठेवू नका.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत वाचताना दोन गोष्टी सुटतात. ती रिकामी असेल तर ‘दिलेली नाही’ असेच समजायचे. तिच्यात अर्धवट, म्हणजे मुळापासून सुरू न होणारा पाथ असेल तर तो सोडून द्यायचा. फोल्डर नसेल तर तो फक्त मालकाला उघडता येईल अशा परवानगीने, म्हणजे ०७०० ने, बनवायचा.

हे सगळे पाळण्याचा फायदा फ्लॅटपॅकमध्ये, लिनक्सवर ॲप वेगळे बांधून देण्याच्या पद्धतीत, दिसतो. फ्लॅटपॅक या किमती स्वतः बदलून होममधल्या डॉट-व्हार/ॲप खाली तुमच्या ओळखनावाच्या फोल्डराकडे वळवतो. किमती वाचणारे ॲप काही न बदलता तिथे बसते; डॉट-कॉन्फिग हे अक्षरशः कोडमध्ये कोरलेले ॲप अडते.

आणखी एक गोष्ट लोकांना मदत करताना वारंवार भेटते. युजरने ॲप एकदा सुडोने, म्हणजे रूट या ॲडमिन खात्याच्या अधिकारांनी, चालवलेले असते. मग त्याच्याच होममधल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे साध्या खात्यातून सेटिंग सेव्ह होत नाहीत. एरर दाखवताना ‘सेव्ह करता आले नाही’ एवढेच न सांगता पाथ आणि परवानगीचे कारणही दाखवा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

## ६. पाथ जोडू नका, विचारा

इतके वाचल्यावर हे सारे पाथ स्वतः टाइप करावेसे वाटतील. करू नका. सी ड्राइव्ह, युजर्स, अमुक नाव अशी साखळी कोडमध्ये लिहिली की ती कुठे ना कुठे तुटते: कुणाचे डॉक्युमेंट्स दुसऱ्या ड्राइव्हवर असते, लिनक्सवर त्या फोल्डराचे नावच युजरच्या भाषेत असते.

विंडोजमध्ये ‘नोन फोल्डर’ची सोय याचसाठी आहे. वरच्या पातळीवर क्यूटीमध्ये क्यूस्टँडर्डपाथ्स, पायथनसाठी प्लॅटफॉर्मडर्स, रस्टसाठी डिरेक्टरीज, इलेक्ट्रॉनमध्ये ॲपचे गेटपाथ, गोमध्ये युजरकॉन्फिगडिर आणि युजरकॅशेडिर ही तयार साधने आहेत. एक निवडा आणि तिच्यातून आलेला प्रत्येक पाथ एकदा छापून पाहा. लायब्ररी काय देते हे गृहीत धरू नका.

उदाहरणे देतो. डॉट नेटमध्ये मॅकवर ‘ॲप्लिकेशन डेटा’ मागितला की डॉट नेट ८ च्या आधी डॉट-कॉन्फिग मिळत असे; ८ पासून ॲप्लिकेशन सपोर्ट मिळते. नुसते रनटाइम अपडेट केले आणि युजरच्या सेटिंग ‘गायब’ झाल्या, असे यातून घडू शकते. इलेक्ट्रॉनमध्ये युजरडेटा फोल्डरात ब्राउझर इंजिनचा कॅशेही डिफॉल्टने येऊन बसतो, आणि विंडोजवर हा फोल्डर रोमिंगमध्ये असतो. सेशनडेटाचा पाथ वेगळा देऊन तो बाहेर काढता येतो. क्यूटीत ॲपचे आणि संस्थेचे नाव सेट करण्याआधीच पाथ मागितला तर वेगळाच पाथ येतो.

सगळे पाथ कोडमध्ये एकाच ठिकाणी ठरवा. डेटा, सेटिंग, स्थिती, कॅशे, लॉग यांसाठी पाच फंक्शन आणि बाकी कोडने फक्त त्यांनाच विचारायचे. सोबत कमांड लाइनवर डेटा फोल्डर बदलण्याचा एक पर्याय ठेवा. टेस्ट चालवताना तुमचा स्वतःचा खरा डेटा त्यामुळे वाचतो.

## ७. फोल्डराचे नाव एकदाच ठरवा

मॅकवर बंडल ओळखनाव, विंडोजवर संस्था आणि तिच्या आत ॲपचे नाव, लिनक्सवर लहान (लोअरकेस) इंग्रजी अक्षरांतले ॲपचे नाव, असा प्रघात आहे. नावात व्हर्जनचा आकडा घालू नका. दर अपडेटला डेटा हरवल्यासारखे होईल. लिनक्सवर लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, विंडोजवर आणि मॅकवर सहसा नाही, म्हणून एकच रूप कायम ठेवा. तुमच्या डेव्हलपमेंट बिल्डला मात्र वेगळे नाव द्या. अर्धवट कोडने तुमच्याच रोजच्या डेटाला हात लावू नये.

## ८. डेटाबेस आणि क्लाउड सिंक यांना एकत्र आणू नका

वन ड्राइव्ह आणि आयक्लाउड दोन्ही डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्याकडे वळवून घेऊ शकतात, आणि बऱ्याच मशीनवर तसे केलेलेही असते. ॲपचा डेटाबेस तिथे असला तर सिंक करणारा प्रोग्रॅम तुमच्या लिखाणाच्या मधोमध फाइल उचलतो.

एसक्यूलाइट, म्हणजे ॲपच्या आतच चालणारा फाइलीतला डेटाबेस, वापरत असाल तर हे विशेष लक्षात घ्या. वॉल मोडमध्ये, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याच्या पद्धतीत, मुख्य फाइलीशेजारी वॉल आणि एसएचएम अशा आणखी दोन फाइली असतात, आणि ताजे बदल काही काळ वॉल फाइलीतच असतात. सिंकने या फाइली वेगवेगळ्या क्षणी उचलल्या तर दुसऱ्या मशीनवर पोहोचणारा संच कोणत्याच क्षणाचा खरा संच नसतो. वॉल मोड नेटवर्क ड्राइव्हवरही चालत नाही, कारण त्याला सर्व प्रोसेस एकाच मशीनवर लागतात.

डेटाबेस विंडोजवर लोकलमध्ये, मॅकवर ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये, लिनक्सवर डेटा होममध्ये ठेवा. युजरला प्रत हवी असेल तर ‘बॅकअप घ्या’ असा मेनू द्या आणि आतून एसक्यूलाइटचे बॅकअप फंक्शन किंवा व्हॅक्यूम इंटू वापरा. ती एकसंध फाइल मग त्याने कोणत्याही क्लाउडवर न्यावी. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करणे म्हणजे बॅकअप नव्हे.

## ९. फाइल बदलण्याची पद्धत

जागा बरोबर असूनही लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धी फाइल उरते. सेटिंग फाइल थेट उघडून तिच्यावर लिहू नका. नवा मजकूर वेगळ्या नावाच्या फाइलीत लिहा, तो डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून घ्या, मग जुन्या नावावर तिचे नाव बदला. नाव बदलणे एका झटक्यात होते. वाचणाऱ्याला जुनी पूर्ण फाइल दिसते किंवा नवी पूर्ण. विंडोजवर यासाठी रिप्लेसफाइल आहे.

टेम्पचा अपवाद तो हाच. ही मधली फाइल सिस्टिमच्या टेम्प फोल्डरात नको, मूळ फाइलीच्याच फोल्डरात हवी. टेम्प वेगळ्या डिस्कवर असेल तर नाव बदलण्याची क्रिया फसते, किंवा लायब्ररी गुपचूप कॉपी करते आणि झटक्यात होण्याची हमी जाते.

## १०. डेटा आधीच चुकीच्या जागी असेल तर

रिलीज होऊन गेले असेल तरी वाट आहे. सुरू होताना ॲपने नवी जागा पाहावी. तिथे डेटा असेल तर तोच वापरावा आणि जुन्या जागेकडे वळू नये. नवी जागा रिकामी आणि जुनी भरलेली असेल तर कॉपी करावी: आधी नव्या जागेशेजारी तात्पुरत्या नावाच्या फोल्डरात, मग ती उघडून तपासावी, मग खरे नाव द्यावे. मधेच ॲप बंद पडले तर पुढच्या वेळी तो तात्पुरता फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करता येते.

जुना डेटा लगेच पुसू नका. नव्या व्हर्जनवर नाराज होऊन जुन्यावर परतणारे युजर असतात, त्यांना तो लागतो. विंडोजवरच्या स्थलांतरात व्हर्च्युअलस्टोअर तपासायला विसरू नका. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिणाऱ्या ॲपचा खरा डेटा कित्येकदा तिथेच असतो.

डेटाच्या रचनेलाही व्हर्जनचा आकडा द्या. एसक्यूलाइटमध्ये युजर व्हर्जन नावाची जागा त्यासाठीच मोकळी ठेवली आहे. आपल्यापेक्षा नव्या रचनेची फाइल दिसली तर ॲपने स्पष्ट सांगून थांबावे, अंदाजाने लिहू नये.

## ११. अनइन्स्टॉल आणि पोर्टेबल रूप

ॲप काढताना कॅशे आणि लॉग पुसा. डेटा पुसण्याआधी विचारा, आणि काही न निवडल्यास तो राहू द्या. पुष्कळ जण बिघाड दुरुस्त करायला ॲप काढून पुन्हा टाकतात. विंडोजवर एमएसआयएक्स (विंडोजचे स्वतःचे ॲप पॅकेज) देत असाल तर ॲपडेटातले लिखाण ॲपच्या खासगी जागेत वळते आणि ॲपसोबत पुसले जाते. अशा वेळी बॅकअपचा मेनू ही सोय राहत नाही, गरज होते.

पेन ड्राइव्हवरून चालणारे रूप द्यायचे असेल तर ते युजरने स्पष्ट मागितलेले असावे. प्रोग्रॅमशेजारी ठरलेल्या नावाची एक रिकामी फाइल असेल तरच डेटा शेजारी ठेवायचा, ही साधी खूण पुरते. ‘शेजारी लिहिता येते का ते पाहू, नाहीतर ॲपडेटा’ असा अंदाज बांधणारा कोड टाळा. परवानग्या बदलल्या की डेटा दोन जागी विभागला जातो, आणि कोणता खरा हे मग कुणालाच सांगता येत नाही.

## १२. रिलीजआधीची तपासणी

- साध्या खात्यातून इन्स्टॉल करा, सेटिंग बदला, ॲप बंद करून पुन्हा उघडा.
- त्याच मशीनवर दुसऱ्या खात्यातून उघडा. पहिल्याचे काही दिसता कामा नये.
- नावात स्पेस आणि देवनागरी अक्षरे असलेल्या खात्यातून सगळे पुन्हा करा.
- कॅशे फोल्डर पूर्ण पुसून ॲप सुरू करा.
- डेटा फोल्डर फक्त वाचता येईल असा करा आणि ॲप काय सांगते ते वाचा.
- डिस्क भरलेली असताना सेव्ह करा. जुनी फाइल शाबूत राहते का ते पाहा.
- मागच्या व्हर्जनवरून अपडेट करा, मग उलटेही करून पाहा.
- विंडोजवर खोल फोल्डरांत लांब नावाची फाइल बनवा. पूर्ण पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि ॲपने वेगळे सांगितल्याशिवाय ती आजही लागू होते.

हे झाले की मदत मेनूमध्ये ‘डेटा फोल्डर उघडा’ असे एक बटण द्या. सगळे फोल्डर लपवलेले असतात आणि लोकांना पाथ टाइप करायला लावणे त्रासाचे आहे. बॅकअप घेणाऱ्याला, मशीन बदलणाऱ्याला आणि तुम्हाला लॉग पाठवणाऱ्याला ते एक बटण पुरते.